लसीकरणाच्या दिवशी तुम्ही कुठे असता? गावोगावच्या आरोग्य समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सरपंच आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सर्व सदस्य,
कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामपंचायती

विषय : लसीकरणाला बाळ घेऊन येणाऱ्या आयांचं समाधान

सप्रेम नमस्कार,

समितीचं हे अख्खं नाव तुमच्यापैकी किती जणांना पाठ असेल, देव जाणे. गावात तिला नुसतं ‘आरोग्य समिती’ म्हणतात, मीही तेच म्हणते. मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. जिल्ह्याच्या पूर्वेला उसाच्या पट्ट्यात नोकरी झाली आणि पश्चिमेला डोंगरातही झाली, त्यामुळे तुमच्या बैठका मी भरपूर पाहिल्या आहेत. त्यात लसीकरणाचा विषय निघाला की प्रश्न एकच असतो : टक्केवारी किती? सिस्टर आकडा वाचतात, तो शंभराच्या जवळपास असला की सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि गाडी गटारीवर जाते.

आकड्यांशी माझं भांडण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या बालकांचं पूर्ण लसीकरण देशात २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ७६.४ टक्क्यांवर गेलं. हे आशाताईंच्या आणि सिस्टरांच्या पायपिटीचं फळ आहे. पण त्याच पाहणीतला आणखी एक आकडा बघा. शंभरातली साधारण चौऱ्याण्णव बाळं बहुतेक लसी सरकारी ठिकाणीच घेतात. म्हणजे आईला आवडो न आवडो, ती येणार आपल्याकडेच. माझ्या मते तिला कसं वाटलं हे कुणी विचारत नाही त्याचं कारणही हेच आहे. दुसरीकडे जाणारं गिऱ्हाईक असतं तर आपण विचारलं असतं.

विचारतात तेव्हा कसं विचारतात, तेही सांगते. एकदा कागद घेऊन दोन माणसं आली होती. ‘सेवेबाबत समाधानी आहात का’ असा प्रश्न, पुढे चौकटी. आई बाळाला पाजत बसलेली, शेजारी मी उभी, दारात आशाताई, आणि उत्तर दिलं सासूबाईंनी : “व्हय की, लई चांगलं हाय.” चौकटीत खूण झाली आणि माणसं पुढच्या घरी गेली. पुढच्या महिन्यात जिच्या हातून आपल्या लेकराला सुई टोचून घ्यायची आहे, तिच्या तोंडावर कोण बाई नाराजी सांगेल? आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल तक्रार करणं आपल्याकडे वाईट दिसतं. त्यामुळे असल्या पाहण्यांमध्ये सगळ्या आया समाधानी निघतात, आणि त्यातलीच एखादी दीड वर्षाच्या डोसाला येत नाही.

बाईचं समाधान मोजायचंच असेल तर ती पुढच्या वेळी आली का ते बघा, आणि घरी जाताना तिला काय माहीत होतं ते बघा. या दोन्ही गोष्टींत सिस्टरचा हात जेवढा आहे त्याहून तुमचा जास्त आहे. हे पत्र त्यासाठीच आहे.

आधी दीड महिन्याच्या लसीचं घ्या. पहिली खरी परीक्षा तिथेच असते. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत कावीळ ‘ब’ची लस दवाखान्यातच होऊन जाते. तेव्हा आई गुंगीत असते, तिला फारसं आठवतही नाही. सहा आठवड्यांच्या लसीला मात्र तिला स्वतः बाळ घेऊन यावं लागतं. सव्वा महिना नुकताच संपलेला असतो. कानाला बांधलेलं फडकं अजून सुटलेलं नसतं, आणि घराबाहेरचं तिचं पहिलं पाऊल पडतं ते अंगणवाडीकडे. त्या एका दिवसात एवढ्याशा जिवाला पोलिओचे थेंब, जुलाबावरच्या रोटा लसीचे थेंब, उजव्या दंडावर पोलिओचं इंजेक्शन, डाव्या मांडीत पेंटा आणि उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही. तीन सुया. आईचा चेहरा त्या वेळी काय होतो ते तुम्ही एकदा बघायला हवं. सोबत आलेल्या आजीच्या दंडावर देवीचे दोन गोल वण असतात. ती म्हणते, “आमाला एकदा देवी काढल्या, झालं. ह्या पोराला एका दिवसात तीन?”

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आजीला पटेल असंच आहे. पेंटाच्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाचांवरची लस येते. पूर्वी यांच्यासाठी एकाहून जास्त सुया लागायच्या. एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी लसी दिल्याने बाळाला अपाय होत नाही. उलट ‘एक आज, एक पुढच्या महिन्यात’ असं केलं तर मधला महिनाभर बाळ त्या रोगापुढे उघडं राहतं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पण सिस्टरपुढे रांग असते, मांडीवर रजिस्टर, हातात मोबाइलवरची नोंद आणि एका कोपऱ्यात रडारड. मग ती म्हणते, “काही होत नाही हो आजी, धरा घट्ट.” आजी धरते, पण पटलेलं नसतं. ती घरी जाऊन सुनेला जे सांगते त्यावर अडीच महिन्यांचा डोस ठरतो. त्या अडीच महिन्यांच्या डोसाला तर एकच सुई असते. हे कुणी आधी सांगितलं तर आईचा अर्धा धसका जाईल!

आम्हाला प्रशिक्षणात चार गोष्टी घोकून घेतलेल्या असतात. लस दिल्यावर प्रत्येक आईला सांगायचं : आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, पुढच्या वेळी कधी यायचं, लसीनंतर काय त्रास होऊ शकतो आणि त्यावर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी बरोबर आणायचं. यातली दुसरी आणि चौथी गोष्ट आम्ही हमखास सांगतो, कारण ती आमच्या रजिस्टरच्या सोयीची आहे. पहिली कधी सांगतो, कधी राहते. तिसरी बहुतेकदा “ताप आला तर गोळी द्या” एवढ्यावर आटपते.

आणि बाई नाराज होते ती या तिसऱ्या गोष्टीपायी. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, बाळ किरकिर करतं, मांडी सुजते, कधी एखादी गाठ राहते आणि काही आठवड्यांत आपोआप जिरते. ती चोळायची नाही, शेकायची नाही, तिला तेल-हळद लावायची नाही. बीसीजीचं तर आणखी निराळं. जन्माच्या वेळी टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, ती पिकते, फुटते, आणि मग वण राहतो. लस लागू पडल्याची ती खूण आहे. पण हे आधी कळलं नाही तर घरच्यांना वाटतं, सुई पिकली. रात्री अकराला बाळ तापाने फणफणलेलं, नवरा रात्रपाळीला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, सासू म्हणते, “सांगत हुतो, नेऊ नगंस.” त्या रात्री त्या सुनेचं काय होत असेल याचा विचार करा. तिला सकाळी दोन वाक्यं सांगितलेली असती, गोळी किती द्यायची ते सिस्टरने कार्डावर लिहून दिलेलं असतं, तर ती सासूला म्हणाली असती की हे व्हायचंच होतं. माहिती मिळालेल्या बाईला घरात बोलायला तोंड असतं. मला विचाराल तर समाधान म्हणतात ते हेच.

आता जागेचं. सत्र कुठे भरतं? कुठे अंगणवाडीत, कुठे उपकेंद्रात, कुठे समाजमंदिराच्या ओट्यावर. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास तिथेच थांबवायचं असा नियम आहे. क्वचित एखाद्या बाळाला लसीची तीव्र ॲलर्जी होते, तेव्हा हाताशी औषध आणि सिस्टर असायला हवी, म्हणून तो नियम. पण थांबायचं कुठे? मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखाली? आषाढात गळक्या ओसरीवर? मी नोकरीत असताना थांबा म्हणून सांगायचे आणि बाया चपला घालून निघायच्या. त्यांचं चुकत नव्हतं. तिथे टेकायला जागा नव्हती. एक बाकडं, एक पंखा, पिण्याच्या पाण्याचा एक माठ एवढं झालं तरी नियम पाळला जातो. बाई थांबली की तिच्याशी बोलायला अर्धा तास आपोआप मिळतो आणि वरच्या चारही गोष्टी निवांत सांगता येतात.

त्यात एक पडदा घाला. सुई टोचताना किंवा त्याच्या आधी बाळाला अंगावर पाजलं तर त्याला कमी दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदना कमी करण्याबाबत सूचना दिल्या, त्यात हे आहे. बाळाला आईच्या मांडीवर घ्यावं, आडवं दाबून धरू नये, जास्त दुखणारी सुई शेवटी द्यावी, हेही त्यातच आहे. आपल्या अंगणवाडीत गावातला कुणी ना कुणी पुरुष काहीतरी विचारायला दारात उभा असतो. अशा ठिकाणी नवी आई बाळाला पाजेल कशी? एक आडवी दोरी आणि जुनी साडी लावली तरी भागतं. समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अनटाइड निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा, असतो. तो फलकावर आणि फवारणीवर संपतो हे मी बघितलं आहे. फवारणी कराच. पण बाकड्यासाठी ठराव करायला काय हरकत आहे?

वेळेबद्दल मला जास्त राग आहे, म्हणून थोडक्यात सांगते. गावातली आई पहाटे धारा काढते, डेअरीला दूध घालते, डबे करते आणि मग बाळ आवरते. ती दहाला पोचली आणि लसच आली नसेल तर? लस प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याच दिवशी सकाळी निघते, चार बर्फपिशव्यांच्या डब्यातून, मोटारसायकलवर. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की ती लांबच्या वाटेने येते. यात कुणाचा दोष नाही. पण “लस निघाली आहे, अकरापर्यंत येईल” एवढा निरोप गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला कोणता निधी लागतो? त्या गटावर सुप्रभात तर रोज येतं.

दुसरं, ‘पोरं कमी आहेत, पुढच्या वेळी या’. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची कुपी एकदा द्रावण घालून तयार केली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे वाया जायला नको म्हणून काही ठिकाणी आईला परत पाठवतात. नियम मात्र उलटा आहे. एकच बाळ असलं तरी कुपी उघडायची. परत पाठवलेली आई शेतमजूर असेल तर तिचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. पुढच्या महिन्यात ती सोयाबीन काढायला किंवा रोप लावायला जाणार आणि तिचं बरोबरच असणार. अशी एखादी गोष्ट तुमच्या गावात घडली तर आरोग्य केंद्राला विचारण्याचा अधिकार समितीला आहे, तो वापरा.

आणि सत्राची तारीख कॅलेंडर बघून ठरलेली असते, गाव बघून नव्हे. त्या दिवशी म्हाई, म्हणजे गावची जत्रा, असली की सगळं गाव रश्श्यात आणि पाहुण्यांत. आठवडी बाजार असला की बाया बाजारात. अमावास्येला तान्हं बाळ बाहेर काढायला म्हाताऱ्या आडव्या येतात, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक दिवस इकडे-तिकडे केलेला बरा. गावचे सण आणि जत्रा सिस्टरला पाठ नसतात, ती दुसऱ्या तालुक्यातली असते. तुम्हाला पाठ असतात. वर्षाच्या सुरुवातीला आरोग्य केंद्राचं सत्रांचं नियोजन होतं, तेव्हा बोला.

आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे ती माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी. कागल, गडहिंग्लज, चंदगडकडच्या कितीतरी सुनांचं माहेर निपाणी, चिकोडी, बेळगावकडचं. बाळ तिकडे जन्मतं, पहिले डोस तिकडे होतात, हातात कर्नाटकातलं तायी कार्ड असतं, त्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं. मग बारसं होऊन, कधी तीन-चार महिन्यांनी, ती सासरी येते. आपल्या रजिस्टरमध्ये ते बाळ नसतं. आशाताईच्या यादीतही नसतं. ती स्वतः कार्ड घेऊन आली तर तिला पहिला प्रश्न, “एवढा उशीर का केलात?” उशीर झाला म्हणून आधीचे डोस बाद होत नाहीत, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले पुढे चालू करायचे असतात. हे तिला माहीत नसतं. तिला वाटतं, आपण गुन्हा केला. त्यात चारचौघींत बोलणं खाल्लं की ती परत येत नाही.

यू-विन नावाची संगणकीय नोंद आता आली आहे. देशात कुठेही लस घेतली तरी नोंद एका ठिकाणी दिसावी, असा तिचा हेतू. चांगली गोष्ट आहे. पण नोंदवलेला मोबाइल नंबर बहुधा नवऱ्याचा असतो. पुढच्या डोसाचा संदेश कारखान्यात यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात वाजतो. तो संध्याकाळी घरी सांगतो का, हे तुम्ही पुरुषमंडळींनीच सांगावं. गावात नवी सून बाळ घेऊन आली हे सरपंचाला कळतं, पाणीपट्टीवाल्याला कळतं, दूध संस्थेच्या सचिवाला कळतं. आशाताईला का कळू नये? पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण करवून घेतल्या की तिला एका बाळामागे १०० रुपये मिळतात. त्या शंभरात ती घरोघर हिंडते, त्यात तुम्ही तिला निदान बातमी तरी पुरवा.

महापुराच्या गावांनी तर कार्डांचा वेगळा विचार करायला हवा. २०१९ आणि २०२१ मध्ये चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत घरं पाण्यात गेली. घरातून आधी निघाली ती जनावरं आणि रेशनकार्ड. लसीचं कार्ड भिजून लगदा झालं तर पुढे आईच्या आठवणीवर काम चालतं. समितीने जूनच्या आधी गावातल्या दोन वर्षांखालच्या सगळ्या बाळांच्या कार्डांचे फोटो काढून ठेवले तर एका दुपारचं काम आहे.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या पडतात. त्या आया सत्राला येत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं आणि पहाटे त्या फडात असतात. मुकादमाला निरोप देऊन संध्याकाळी तळावर सत्र लावता येतं. मी लावलेलं आहे. तुमच्या गावच्या टक्केवारीत ती बाळं येत नाहीत म्हणून ती विसरू नका. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, तो अशाच राहून गेलेल्या बाळांमध्ये.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. मधले सात-आठ महिने आई आणि आरोग्य खातं यांची गाठच पडत नाही. बहुतेक आयांना नवव्या महिन्याला वाटतं की संपलं एकदाचं. तोवर ती कामावर जायला लागलेली असते, पोर चालायला लागलेलं असतं, तीन वेळा ताप काढलेला असतो. आधीच्या खेपांना तिला कसं वागवलं गेलं याचा हिशेब इथे निघतो. बाई तोंडाने काही बोलत नाही. येत नाही, एवढंच.

माझं मागणं फार नाही. समितीतल्या एका बाईने, पुरुषाने नव्हे, सत्र झाल्यावर आठवड्याने दोन-तीन आयांच्या घरी जावं. सिस्टरला आणि आशाताईला बरोबर घेऊ नये. सासूबाई शेजारी असतील तर त्यांच्याकडे चहा मागावा, म्हणजे त्या आत जातील. मग ‘समाधानी आहात का’ असं अजिबात विचारू नये. विचारावं, कोणत्या लसी दिल्या? ताप आला तेव्हा काय केलंत? पुढे कधी जायचं आहे? किती वेळ उभं राहावं लागलं? कुणी रागावलं का? आणि शेवटी, तुमच्या हातात असतं तर तिथलं काय बदललं असतं? उत्तरं पुढच्या बैठकीत, नावं न घेता, टक्केवारीच्या आधी वाचावीत. सिस्टरला झोडपायला ती वापरू नयेत. एका उपकेंद्राला सपाट भागात पाच हजार लोकसंख्या धरलेली असते, डोंगराळ भागात तीन हजार, त्यात वाड्या-वस्त्या आणि धनगरवाडे, आणि सेविकेची जागा रिकामी असली की शेजारचं उपकेंद्रही तिच्याच गळ्यात. तिला दोष देऊन बाकडं येणार नाही.

पुढच्या सत्राची तारीख आशाताईकडे लिहिलेली असते. विचारून घ्या आणि सकाळी दहाला या. शेवटच्या बाळाचा अर्धा तास होईपर्यंत थांबा. बसायला मात्र काहीतरी घरून आणा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
कोल्हापूर